ताबा सुटण्याच्या आधी

मराठी पेपरात अपघाताची बातमी लिहायचा एक ठरलेला साचा आहे. 'भरधाव वेगातील कारवरील चालकाचा ताबा सुटल्याने...' पुढे गाव बदलतं, झाडाच्या जागी कधी पुलाचा कठडा येतो, कधी समोरून येणारा टेम्पो, पण वाक्य तेच. लहानपणापासून इतक्या वेळा वाचलंय की आपण त्यावर विचारच करत नाही. जणू काही ताबा ही छत्रीसारखी वस्तू आहे आणि बिचाऱ्याच्या हातून चुकून कुठेतरी राहिली!

माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा ताबा त्या झाडापाशी सुटत नाही. तो त्याच्या आधीच सुटलेला असतो, सगळं सुरळीत चालू असताना, गाडीत गाणी लागलेली असताना, मागच्या सीटवर वेफर्सचं पाकीट फिरत असताना. पुढच्या गाडीच्या आणि आपल्या मधली जागा थांबायला पुरणार नाही इतकी कमी झाली, की त्या क्षणी ताबा गेला. पुढे होतो तो नुसता निकाल. गंमत म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव वेळा हा निकाल लागतच नाही. पुढचा ब्रेक मारत नाही, वळणापलीकडे कोणी नसतं, आपण सुखरूप पोचतो आणि समजतो की आपल्याला गाडी चांगली येते.

हे सगळं आत्ताच का सुचलं? तर माझ्या आजूबाजूला सध्या पंचविशी-तिशीतल्या लोकांची पहिली गाडी घ्यायची लाट आलीये. गाडी घेतली, लायसन्सवर शाई वाळली (आता कार्ड येतं, पण म्हणायची पद्धत), की पहिला लाँग वीकएंड बघून कोकण. नवी गाडी आहे, तर आधी गणपतीपुळे. आणि गणपतीपुळे म्हटलं की रत्नागिरीकडून आरे-वारेच्या रस्त्याने, कारण फोटो तिथले येतात. म्हणजे ज्याने आयुष्यात पुण्याच्या सिग्नलपलीकडे गाडी नेलेली नाही, तो आपल्या पहिल्याच मोठ्या प्रवासात, आईवडिलांना मागे बसवून, या रस्त्यावर येतो. म्हणून हा लेख.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं रस्त्याबद्दल. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला एक रस्ता हायवेवरच्या निवळीमार्गे, वळसा घालून जातो. दुसरा किनाऱ्याच्या अंगाने, शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे करत. हा साधारण २५ किलोमीटर. किनाऱ्यालगत सुरूचं बन, तिथे रस्ता बराचसा सपाट. मग तो डोंगरावर चढायला लागतो, आणि वरच्या वळणावर आलात की एकदम खाली दोन्ही किनारे दिसतात, मधे डोंगराची सोंड, पुढे नुसतं पाणी. कितीही वेळा बघितलं तरी तोंडातून 'आहाहा' निघतंच.

आता तिथे ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. गणपतीपुळ्याकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणजे बघायचं तर शेजाऱ्याच्या पलीकडे मान वळवायला हवी. ताशी ५० च्या वेगात दोन सेकंद मान वळवली तर गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, कोणीही चालवत नसताना. त्याच दोन सेकंदांत तुमच्या पुढच्यालाही 'आहाहा' झालेलं असतं, फक्त त्याने ते करताना ब्रेक मारलेला असतो. वळणाच्या तोंडावर कोणीतरी गाडी अर्धी रस्त्यावर लावून फोटो काढायला उतरलेलं असतं. पोरं रस्ता ओलांडत असतात, कठड्याकडे बघत, गाडीकडे नाही. आणि समोरून एसटी येते, जिचा ड्रायव्हर हा रस्ता रोज करतो आणि ज्याला समुद्राचं काहीही कौतुक उरलेलं नाही. :-)

यातलं काहीही अनपेक्षित नाही. हेच मला ठासून सांगायचंय. आरे-वारेच्या माथ्यावर पुढची गाडी अचानक थांबणं हा अपघात नाही, तो त्या जागेचा स्वभाव आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावी फिजिक्सच्या वर जाणार नाही. थांबायला लागणाऱ्या अंतराचे दोन भाग. पहिला, काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जेवढी जाते तो. जागा असलेल्या माणसाला यासाठी दीड सेकंद धरू. दुसरा, ब्रेक लागल्यापासून चाकं थांबेपर्यंतचा. कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर, जोरात मारलेला ब्रेक असं धरलं तर आकडे साधारण असे येतात:

ताशी ४० : १७ + ९ = २६ मीटर
ताशी ६० : २५ + २० = ४५ मीटर
ताशी ८० : ३३ + ३५ = ६८ मीटर
ताशी १०० : ४२ + ५५ = ९७ मीटर

पहिला आकडा वेगाच्या पटीत वाढतो, दुसरा वेगाच्या वर्गाच्या पटीत. हे आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं आहे, मार्कही मिळवलेत. पण पहिल्या दोन ओळी जरा शेजारी ठेवून बघा. समजा २६ मीटरवर एक पोरगा बॉलमागे धावत रस्त्यात आला. चाळीसने येणारा त्याच्या पुढ्यात येऊन थांबतो. घाम फुटतो, शिव्या घालतो, पण थांबतो. साठने येणाऱ्याचे २५ मीटर पाय ब्रेकवर जाण्यातच संपलेले असतात. म्हणजे जिथे चाळीसवाला थांबला तिथे साठवाल्याने ब्रेक मारायला नुकती सुरुवात केलेली असते, आणि गाडी अजून जवळजवळ साठनेच चाललेली असते. पन्नासवाल्याचं काय? तो साधारण ताशी ४० च्या वेगाने आदळतो. आपल्या डोक्यात मात्र हिशोब वेगळा असतो: चाळीसला वाचला, तर पन्नासला थोडंसं लागेल. थोडंसं नाही लागत.

हे आकडेही तसे उदार आहेत. रस्ते बांधणारे इंजिनिअर इतके उदार नसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ड्रायव्हरला अडीच सेकंद दिलेत, आणि थांबण्यासाठी पुढचा रस्ता किती दिसायला हवा याचे आकडे ताशी ४० ला ४५ मीटर, ६० ला ८०, ८० ला १२० आणि १०० ला १८० मीटर असे आहेत. म्हणजे ज्याने रस्ता आखला त्याने तुम्ही थोडे झोपाळलेले, थोडे बावळट आहात हे आधीच धरलंय. आपणच स्वतःला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर धरून चालतो.

पाऊस पडला की दुसरा आकडा सरळ वाढतो. ओल्या रस्त्यावर ६० ला २० च्या जागी ३५ मीटर लागू शकतात, एकूण ६०. कोकणात पहिल्या पावसात तर रस्त्यावरचं वर्षभराचं तेल आणि डोंगरावरून आलेली लाल माती यांचा जो काला होतो, त्यावर कुठलंही गणित चालत नाही.

आता पुढच्या गाडीमागे किती अंतर ठेवायचं? मोटार वाहन कायद्याखालचे २०१७ चे ड्रायव्हिंगचे नियम सांगतात, की पुढचं वाहन अचानक हळू झालं किंवा थांबलं तरी धडक होणार नाही इतकं पुरेसं अंतर ठेवा. पुरेसं! आमच्या धंद्यात रिक्वायरमेंटमध्ये असा शब्द आला की क्लायंटला परत मेल जाते, 'कृपया पुरेसं म्हणजे किती ते कळवावे'. मीटरमध्ये सांगण्यातही अर्थ नाही, कारण चालत्या गाडीतून ३३ मीटर कोणालाच मोजता येत नाहीत. म्हणून जगभर ते सेकंदांत सांगतात. पुढच्या गाडीचा मागचा भाग एखाद्या खांबापाशी पोचला की मोजायला लागा, तुम्ही तिथे पोचायला किमान दोन सेकंद लागले पाहिजेत. सोय अशी, की वेग वाढला की मीटर आपोआप वाढतात. जर्मनीत ऑनसाईट गेलेले मित्र आणखी एक युक्ती सांगतात: स्पीडोमीटरच्या आकड्याच्या निम्मे मीटर. शंभरला पन्नास मीटर. हिशोब केलात तर तेही दोन सेकंदांच्या आसपासच येतं.

आपल्याकडे मी दोन नाही, तीन म्हणेन. दोन सेकंदांचं गृहीतक असं, की पुढचा ब्रेक मारेल, त्याचे मागचे लाल दिवे लागतील, आणि तोही तुमच्यासारखाच काही अंतर घेऊन थांबेल. कोकणातल्या रस्त्यावर पुढच्या टेम्पोचे दिवे चालू असतील याची खात्री तुम्ही देता का? मी देत नाही.

माझी मामेबहीण सध्या शिकतेय. पुढेमागे 'एल'चे बोर्ड लावून, मी शेजारी, असे आम्ही एका सकाळी गर्दी नसताना याच रस्त्याला गेलो होतो. ती म्हणाली, "दादा, मला गाडी चालवता चालवता एक हजार एक, एक हजार दोन नाही मोजता येत." म्हटलं, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर मोजायची काय गरज? पुढची एसटी सुरूच्या झाडापाशी गेली की संथपणे म्हण, 'गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया'. पूर्ण म्हणून होईपर्यंत ते झाड आपल्यापाशी यायला नको. शांतपणे म्हटलं तर जवळजवळ तीन सेकंद होतात (घरी घड्याळ लावून बघा). पहिल्या दोनदा छान जमलं. तिसऱ्यांदा एसटी जवळ आली, तर बाईसाहेबांनी अंतर वाढवायच्या ऐवजी मोरया एका श्वासात उरकून टाकलं! टेस्ट केस फेल होत असेल तर कोड न सुधारता टेस्टच बदलायची, हे हिला कोणी शिकवलं कोण जाणे. :-)

पण विनोद बाजूला ठेवला तर त्या एका तासात ती जे शिकली, ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणीच शिकवलेलं नव्हतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे स्कूलमध्ये कारचं शिक्षण किमान २१ दिवसांचं असावं आणि त्यात किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवलेली असावी. दहा तास! आपण एका वीकएंडला यापेक्षा जास्त वेळ सिरीज बघतो. आणि त्या दहा तासांतले निम्मे हाफ क्लच, गिअर, रिव्हर्स आणि 'डावीकडे किती जागा आहे' यात जातात. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो, त्यामुळे पुढच्या रिक्षापासून किती लांब राहायचं हे शिकणाऱ्याने ठरवायची वेळच येत नाही. मग टेस्ट. टेस्टच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढायचा असतो, आणि त्या आठमध्ये तुमच्या पुढे कोणी नसतं. म्हणजे ज्या एका गोष्टीवर रस्त्यावरचं आयुष्य अवलंबून आहे, तिची परीक्षा न होताच आपण पास. ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी परीक्षेत रस्त्यावरचे व्हिडिओ दाखवतात, आणि धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं असतं. धोका झाल्यावर नाही, होताना. लवकर दिसला तर मार्क जास्त. गाडी 'चालवणं' आणि रस्ता 'वाचणं' ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यांनी परीक्षेतच मान्य केलंय.

त्यात आपल्याकडचा शिकाऊ ड्रायव्हर बहुतेकदा दुचाकीवरून आलेला असतो. पुण्यात तर शंभर टक्के. दहा वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला रस्त्यावरची मोकळी जागा दिसली की ती भरायची सवय असते. पुढे फट दिसली, घाल चाक. तो चारचाकीत बसतो तेव्हा हात नवे असतात, नजर जुनीच असते.

आता नेहमीचा आक्षेप, जो मी हा विषय काढला की दोन मिनिटांत येतोच: "अरे, तुझं पुस्तकी ठीक आहे, पण अंतर ठेवलं की मधे दुसरा घुसतो!"

बरोबर आहे. घुसतो. तर घुसू दे ना. पुणे ते रत्नागिरी अख्ख्या प्रवासात समजा तीस जण घुसले. प्रत्येकाच्या मागे परत अंतर पाडायला तुमचे दोन-तीन सेकंद गेले. एकूण मिनिट, दीड मिनिट. चहाला थांबलात की यापेक्षा जास्त वेळ साखर ढवळण्यात जातो. खरं सांगायचं तर आपल्याला मिनिट गेल्याचं दुःख नसतंच, कोणीतरी पुढे गेलं याचं असतं. ती मधली जागा आपल्याला आपली जहागीर वाटते. ती जहागीर नाही, ते आपलं ब्रेकचं अंतर आहे. कोणी त्यातलं थोडं घेतलं तर मागे सरकून ते परत मिळवता येतं, भांडून येत नाही.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे खरं तर सांगायलाच नको. फ्रेशर असताना पहिल्या महिन्यात शिकवतात: युजर काहीही टाकेल हे धरून कोड लिही. फोन नंबरच्या रकान्यात नाव लिहील, रिकामं ठेवेल, तेच बटण सात वेळा दाबेल. युजर मूर्ख आहे म्हणून नाही, तर तो तुझ्या ताब्यात नाही म्हणून. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणजे नेमकं हेच. समोरचा इंडिकेटर देईल, आरशात बघून वळेल, आपल्या बाजूने चालेल, हे सगळे तुमच्या ताब्याबाहेरचे इनपुट. त्यातलं काहीही चुकीचं आलं तरी आपली गाडी क्रॅश होता कामा नये. (हा शब्द आम्ही दोन्हीकडे वापरतो, पण एकीकडे रीस्टार्ट करता येतं.)

दुसरा आक्षेप थोडा अधिक वजनदार आहे. हळू चालवणं पण धोक्याचंच असतं, मागच्यांची रांग लागते, ते वैतागून कुठेही ओव्हरटेक करतात. मान्य. म्हणून सुरक्षित वेग म्हणजे कासवाचा वेग असं मी म्हणत नाहीये. सुरक्षित वेगाची माझी व्याख्या साधी आहे: जेवढा रस्ता मोकळा दिसतोय, तेवढ्यात थांबता येईल तो वेग. सरळ सपाट रस्त्यावर दोनशे मीटर दिसत असेल तर जा की आरामात. पण वळणावर ४० मीटरच दिसत असेल, आणि समोरचा वळण कापत तुमच्या बाजूला येऊ शकत असेल, तर ते ४० मीटर दोघांत वाटले जातात. तुमच्या वाट्याला २०. वरचे आकडे बघा, चाळीसला २६ लागतात. म्हणजे तिथे तिसाच्या आसपासच. कायद्याने २०१८ पासून साध्या रस्त्यांवर कारची कमाल मर्यादा ताशी ७० आहे (राज्यांना ती कमी करता येते), पण कमाल मर्यादा म्हणजे त्याच्या वर जायचं नाही. तिथपर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. मागे रांग लागली, तर रुंद जागा बघून, इंडिकेटर देऊन बाजूला व्हा आणि जाऊ द्या त्यांना. त्यात कमीपणा कसला?

आणि मागचा अगदी बंपरला चिकटून येत असेल तर? अशा वेळी सगळे वेग वाढवतात. करायला हवं उलटं: पुढचं अंतर आणखी वाढवा. म्हणजे पुढे काही झालं तर तुम्हाला हळूहळू ब्रेक दाबता येईल, आणि त्या चिकटलेल्या गृहस्थालाही थांबायला वेळ मिळेल. त्याने ठेवायला हवं होतं ते अंतर तुम्ही त्याच्या वतीने ठेवायचं. अन्याय आहे, पण डिकी आपली आहे.

स्थानिक गाड्यांच्या मागे लागण्याचं तर विशेष सांगायला हवं. एखादी रत्नागिरी पासिंगची, एमएच-०८ ची गाडी आरे-वारेचा चढ झोकात चढून जाते आणि पुण्या-मुंबईचा नवा ड्रायव्हर तिच्या मागोमाग, 'हा जातोय तर आपण पण जाऊ' म्हणत. त्याला वळण संपल्यावर काय आहे हे पाठ आहे. कुठे खड्डा, कुठे कोणाच्या गुरांची वाट, कुठे एसटीचा थांबा. त्याचा वेग त्या माहितीवर उभा आहे. ती माहिती तुमच्याकडे नाही, तर तो वेगही तुमचा नाही.

एसटीमागे अडकलो की ओव्हरटेकची घाई होते, त्याचंही गणित बघू. एसटी ४० ने, तुम्ही ६० ने. एसटीच्या मागून निघून पुढे सुरक्षित अंतर पाडून परत डावीकडे यायला तुम्हाला तिच्यापेक्षा साधारण ५० मीटर जास्त जावं लागतं. त्याला ९ सेकंद. तेवढ्यात तुम्ही १५० मीटर जाता, आणि समोरून साठने येणाराही १५० मीटर. म्हणजे ३०० मीटर रिकामा रस्ता डोळ्यांनी दिसायला हवा. आरे-वारेच्या डोंगरावर तो दिसत नाही. आणि कमाई किती? पाच किलोमीटर एसटीमागे चाळीसने काढले तर साडेसात मिनिटं, साठने पाच. अडीच मिनिटं! शिवाय एसटी पुढच्या थांब्याला थांबणारच आहे, तेव्हा फुकटात पुढे जा.

उताराबद्दल दोन गोष्टी. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची आणि उतरणाऱ्याने थांबायचं, हा नुसता कोकणी सभ्यपणा नाही, नियम आहे. चढावर थांबलेली गाडी परत उचलणं नवशिक्याला किती जड जातं हे तुम्ही परवापरवापर्यंत अनुभवलेलं आहे. दुसरं, उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायचं हे ज्ञान कोणीतरी काका हमखास देतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते थोडंफार खरं असेल. आजच्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरल्या, की इंजिनाला इंधन जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. म्हणजे पैसेही वाचत नाहीत आणि इंजिनाचा ब्रेकही गेला. आरे-वारेचा उतार लहान आहे, पण कोल्हापूरहून येताना आंबा घाट किंवा कराडहून येताना कुंभार्ली उतराल तेव्हा हे काका आठवू नका.

आणि नवी गाडी. मारुती ८०० मध्ये ८० चा वेग म्हणजे काय हे सगळ्या अंगाला कळायचं, काचा, दरवाजे, दात, सगळं वाजायचं. आजच्या गाडीत काचा वर, एसी चालू, तर ८० आणि ५० मधला फरक आकडा वाचल्याशिवाय कळत नाही. त्यात हायवेवर दोन तास नव्वदने येऊन निवळीला वळलात की साठ म्हणजे रांगल्यासारखे वाटतात. अशा वेळी स्वतःच्या वाटण्यावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा. एबीएस २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे आणि ते उत्तमच आहे. जोरात ब्रेक मारूनही स्टिअरिंग वळवता येतं. पण पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा जो दीड सेकंद आहे, त्यात एबीएस काहीही करू शकत नाही. तो सर्वस्वी तुमचा.

२०२२ साली आपल्या देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. रोज साडेचारशेहून जास्त. केंद्र सरकारच्या अहवालात यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत, आणि साधारण पाचातला एक अपघात 'मागून धडक' या प्रकारचा आहे. वाहतूक नियमभंगाच्या त्या तक्त्यात अतिवेग आहे, दारू आहे, उलटी दिशा, सिग्नल, मोबाईल आहे. 'अंतर ठेवलं नव्हतं' असा रकानाच नाही. जे मोजलं जात नाही ते सुधारत नाही, हे आपल्याला ऑफिसात दर सोमवारी ऐकवतात.

असो. बरंच लांबलं. नवीन लायसन्सवाल्यांना माझं एवढंच सांगणं, की पहिले हजारभर किलोमीटर ओळखीच्या रस्त्यांवर, दिवसाउजेडी करा, आणि प्रत्येक वेळी मोरया मोजा. पावसात दोनदा मोजा. मगच आईवडिलांना घेऊन कोकणात या. आरे-वारेला आलात की ड्रायव्हरने समुद्र बघायचाच नाही असं अजिबात नाही. पण वळण संपू द्या, गाडी पूर्ण रस्त्याच्या बाहेर घ्या, हँडब्रेक ओढा, आणि उतरून दहा मिनिटं बघा. भरतीची वेळ असेल तर पंधरा.